आमच्या घरचा स्पॅनिश पाव्हणा

तत्त्वज्ञानात एम. ए. करतेय म्हटल्यावर आमच्या लाइनवरच्या बायका पोट धरून हसल्या होत्या. रांजणगावच्या एका कंपनीत मी तेव्हा वायरिंगच्या लाइनवर होते. परीक्षेला बाहेरून बसायचं, म्हणजे कॉलेजचं तोंड बघायची गरज नव्हती. कवठे येमाईहून एसटीनं शिरूर आणि शिरूरहून कंपनीची बस, एवढ्या प्रवासात वाचून व्हायचं. एसटीत बहुतेक उभं राहावं लागे, म्हणून जाडजूड पुस्तकं मी कंपनीच्या बससाठी राखून ठेवायचे.

"एवढं वाचून मिळतं काय गं?" शेजारी बसणारी विचारायची.

"झोप," मी सांगायचे. बऱ्याच पुस्तकांच्या बाबतीत ते खरंही होतं.

अस्तित्ववादाच्या पेपरात मात्र एक असा भेटला की झोपच उडाली. स्पेनमधला प्राध्यापक. तत्त्वज्ञ तर होताच, शिवाय कादंबऱ्या लिहायचा, कविता करायचा. बाकीचे थोर लोक 'मानव' नावाच्या कुणाबद्दल तरी पानंच्या पानं लिहीत होते. हा मानव मला शिरूरच्या स्टँडवर कधी दिसला नव्हता. याचा माणूस हाडामांसाचा होता. तो जेवतो, झोपतो, कुणावर तरी जीव लावतो, आणि मरायची अजिबात इच्छा नसताना मरतो. स्पॅनिश बाबाचं सगळं भांडण याच एका गोष्टीवरून होतं. बुद्धी सांगते, मेल्यावर काही उरत नाही. मन म्हणतं, मला उरायचंय, आणि नुसता आत्माबित्मा म्हणून नाही, मी आहे तसाच्या तसा. दुसऱ्या कुणी यातली एक बाजू धरली असती आणि मोकळा झाला असता. हा पठ्ठ्या मध्येच उभा राहिला आणि म्हणाला, या ओढाताणीलाच जगणं म्हणतात. श्रद्धेत शंका नसेल तर ती श्रद्धा मेलेली समजा, असंही वर त्याचं म्हणणं. कंपनीच्या गेटवर बस थांबली तरी माझं बोट पानातच होतं.

हे सगळं मी संध्याकाळी घरी येऊन आबांना सांगायचे. आबा म्हणजे माझे वडील. शेती थोडी आणि बोलणं फार, असा माणूस. आमच्या भागातले ते बौद्धाचार्य होते. आमच्या समाजात लग्न असो, बारसं असो की कुणाच्या मृत्यूनंतरचं पुण्यानुमोदन, पांढरा सदरा-पँट घालून आबा हजर. त्रिसरण-पंचशील त्यांच्या खड्या आवाजात सुरू झालं की मांडवातली पोरंसुद्धा गप्प बसत. आई त्याआधीच वारली होती, त्यामुळे घरात आम्ही दोघंच. मी भाकऱ्या थापायचे आणि आबा चुलीपाशी पाट ओढून वाद घालायला बसायचे.

"एवढा शिकलेला गडी, आन् मरायला भितो?" पहिल्या दिवशी ते म्हणाले.

"भीत नाही आबा, पटवून घेत नाही."

"आत्मा न्हाईच, तर उरनार काय? हे अडीच हजार वर्सांपूर्वी सांगून झालंय. त्याला म्हनावं, आमच्याकडं ये, समजावतो."

पण त्यांना तो आवडला होता, हे मला कळत होतं. रोज हातपाय धुऊन झाले की पहिला प्रश्न हाच, "काय म्हनतोय आज तुझा पाव्हणा?" आणि पाव्हण्याला खोडून काढण्यात त्यांची भाकरी गार होऊन जायची. त्या संध्याकाळींइतकी सुखी मी नंतर क्वचितच झाले असेन. निकालाचं कुणाला पडलं होतं!

आबा बोलण्यात मऊ असले तरी एका बाबतीत फार कडक होते. बावीस प्रतिज्ञांमध्ये श्राद्ध करणार नाही, पिंडदान करणार नाही, अशी एक प्रतिज्ञा आहे. गावाकडे इतर घरांत दहाव्याला भाताचा गोळा ठेवतात आणि कावळा शिवायची वाट बघत बसतात. आमच्यात ते बंद झालेलं. तरी एका घरी पुण्यानुमोदनाच्या दिवशी भिंतीवर कावळ्यासाठी गुपचूप ताट ठेवलेलं आबांना दिसलं, तेव्हा ते विधी अर्धा टाकून, चप्पल घालून चालते झाले होते. ही गोष्ट साऱ्या तालुक्यात पसरली. तेव्हापासून आबा यायचे म्हटलं की लोक घराच्या मागची भिंतसुद्धा तपासून घेत.

अशात यवतला आमचे मामा वारले. मामा म्हणजे आबांच्या थोरल्या बहिणीचे, माझ्या आत्याचे यजमान. हायवेला त्यांचं पंक्चरचं दुकान होतं. हसतमुख माणूस, खाण्याचा शौकीन, आत्याच्या हातच्या सुकटीच्या चटणीवर जीव टाकणारा. आत्यानं निरोप धाडला, विधी माझ्या भावानंच करायचा. आमच्या वस्तीतली माणसं जीपमध्ये भरून आम्ही न्हावरा, चौफुला करत यवतला पोचलो.

आबांनी विधी नीट केला. प्रत्येक पुण्यानुमोदनाला ते एक दाखला देत, की दिवा विझला म्हणजे विझला, तो कुठं गेला असं कुणी विचारत नाही. त्या दिवशी तो दाखला त्यांनी दिला नाही. माझ्याशिवाय ते कुणाच्या ध्यानात आलं नसावं. लोकांची जेवणं उरकली, पुढच्या अंगणात चहा फिरायला लागला. आत्या तेवढी पंक्तीला बसली नव्हती. मामा गेल्यापासून ती नुसत्या चहावरच होती, असं तिच्या सुनेनं मला कानात सांगितलं. तिला दोन घास खायला लावावेत म्हणून मी आबांना घेऊन घरामागं गेले.

आत्या मागच्या भिंतीपाशी उभी होती. भिंतीवर ताट होतं. त्यात बाजरीची भाकरी, कांदा आणि सुकटीची चटणी. समोरच्या लिंबावर कावळे होते, पण एकही खाली उतरत नव्हता.

अंगणात आमच्या वस्तीची माणसं बसलेली. आबा आता चप्पल घालून निघाले तर बहीण कायमची तुटणार, आणि इथंच थांबले तर इतकी वर्षं लोकांना जे सांगितलं त्यावर पाणी पडणार. पाव्हण्याच्या पुस्तकातली ओढाताण मी बसमध्ये मोठ्या चवीनं वाचली होती. इथं ती आबांच्या चेहऱ्यावर होती आणि मला ती बघवेना.

"आक्का, हे काय?" आबा म्हणाले.

"बामन बोलावला न्हाई, पिंड केला न्हाई. नुसतं ताट हाय."

"पन कशापायी?"

आत्यानं पदरानं तोंड पुसलं. "तू एवढ्यांना सांगत फिरतोस. मला एकच सांग. ते मला भेटतील का पुन्हा? तू व्हय म्हन, मी ताट उचलते."

एका शब्दाचं काम होतं. मनात मी आबांना अक्षरशः हात जोडले. म्हणा हो व्हय, कुणाचं काय जातंय? पण आबा खोटं बोलणाऱ्यांतले नव्हते.

"न्हाई, आक्का," ते म्हणाले. "न्हाई भेटनार."

मला रडूच फुटलं. आत्या मात्र रडली नाही, उलट चिडली.

"मग वहिनीचा चष्मा रोज पुसून खिडकीत का ठेवतोस रं? कुनाला वाचायचंय त्यातनं?"

हे खरं होतं. आईचा चष्मा आबा रोज सकाळी धोतराच्या तुकड्यानं पुसत. एकदा काच फुटली म्हणून शिरूरला नेऊन नवी बसवून आणली होती, तीही आईच्याच नंबरची. मला त्यात कधी काही वावगं वाटलं नव्हतं. आबांनाही तोवर नसावं. मग ते भिंतीला टेकून खाली बसले, पांढऱ्या कपड्यांनिशी.

"आक्का, माझं डोकं न्हाई म्हनतंय," ते हळूच म्हणाले. "ते खोटं बोलायचं न्हाई. पन माझ्यातल्या बाकीच्यानं कवा त्याचं ऐकलंय?"

रोज भाकरी गार होईपर्यंत ज्याला खोडून काढला, तो पाव्हणा त्यांच्या पोटात कधीच उतरला होता. की आधीपासूनच तिथं होता, मला ठाऊक नाही.

आत्यानं भिंतीवरचं ताट उचललं आणि आबांच्या पुढ्यात ठेवलं.

"डोकं ऱ्हाऊ दे उपाशी," ती म्हणाली. "बाकीच्यानं जेवावं."

आबा ओशाळं हसले. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, चटणीला लावला, आणि तो आधी बहिणीपुढं धरला. आत्यानं तो खाल्ला. मग तिथंच फतकल मारून बसली आणि म्हणाली, "मीठ कमी पडलंय. ह्यांनी लगीच सांगितलं असतं."