मिठाचं पाणी

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईलाही नाही. आई जायच्या आधी चार दिवस तिच्या उशाशी बसून होते, तेव्हा अगदी ओठांवर आलं होतं — आणि गिळलं. आज तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ऐकून मला काय म्हणाल, याची भीती उरलेली नाही. जे म्हणायचं ते माझं स्वतःला म्हणून झालंय.

मी नर्स आहे. हडपसरच्या एका हॉस्पिटलात, लहान मुलांच्या वॉर्डात. रॉकेल प्यालेली, आजीच्या बीपीच्या गोळ्या गिळलेली, गरम वरणात हात घातलेली पोरं येतात, आणि मागून आया येतात, ऊर बडवत. बाकीच्या सिस्टर त्या आयांवर ओरडतात. मी नाही ओरडत. सिस्टर फार शांत स्वभावाच्या, असं सगळे म्हणतात. शांत कसलं डोंबल!

आधी वहिनींबद्दल सांगायला हवं. वहिनी म्हणजे माझी मोठी जाऊ. माझं माहेर खडकीचं. वडील कारखान्यात, आम्ही क्वार्टरमध्ये वाढलो, घरात रोज बुद्धवंदना. सासर मांजरीचं — ऊस, म्हशी, आणि थोडी जमीन बिल्डरला दिल्यावर उठलेला दुमजली बंगला. लग्न आमचं आम्ही ठरवलेलं. सासूबाईंनी चार महिने अबोला धरला आणि मग सोडला. वहिनींनी अबोला धरला नाही. त्यांनी नियम केला.

नियम असा, की ड्यूटीवरून आले की अंघोळ केल्याशिवाय स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायचं नाही. "दवाखान्यातनं आलीयास, आधी अंगावर पाणी घे." ऐकायला किती शहाणपणाचं, नाही? मीही मान डोलावली. पण मग सुट्टीच्या दिवशी, न्हाऊन-धुऊन दिलेलं माझ्या हातचं पाणी वहिनी का पीत नव्हत्या? त्यांच्या मुलीच्या, ईश्वरीच्या बारशाला मी पहाटे उठून, डोक्यावरून अंघोळ करून घुगऱ्या शिजवल्या. पाहुण्यांना वाटल्या त्या दुसऱ्याच. माझ्या घुगऱ्या मला संध्याकाळी गोठ्यात दिसल्या, म्हशीपुढच्या घमेल्यात. त्यांत कोणते जंतू होते हो?

मी बोलले नाही. तेव्हाच कडाकडा भांडले असते तर... जाऊ दे. नाही भांडले. मनात ठेवलं, आणि रोज त्यात थोडं थोडं घालत गेले. पोरीला ताप आला, मी म्हटलं, गोधडीत गुंडाळू नका. पोरीचा हात भाजला, मी म्हटलं, नळाखाली धरा — त्यांनी टूथपेस्ट फासली. आणि दर वेळी, चार बायका बसलेल्या असताना, एकच वाक्य: "तुझी नर्सगिरी तिकडं हडपसरला. हितं मी आई हाय." बायका हसायच्या. मीही हसायचे. आणि मनात म्हणायचे, एक दिवस ही बाई तोंडघशी पडू दे. सगळ्यांसमोर. मला दुसरं काही नको.

पोरीवर माझा जीव होता, हेही सांगते. सांगून उपयोग नाही, पण सांगते.

गणपतीच्या आधी घराला रंग लावला होता. ग्रिलवरचे डाग पुसायला म्हणून वहिनींनी रंगाऱ्याकडून टर्पेंटाइन मागून घेतलं होतं, आणि ते पाण्याच्या रिकाम्या बाटलीत ओतून जिन्याखाली ठेवलं होतं. दिसायला थेट पाणी. ईश्वरी तेव्हा तीन वर्षांची. दुपारी साडेतीनला मी ड्यूटीवरून गेटात शिरले आणि वहिनींची किंकाळी ऐकली.

जिन्याखाली बाटली आडवी पडली होती, आणि तो वास. एका क्षणात मला सगळं कळलं. आतून पोरीचं रडणं ऐकू येत होतं, मोठ्यांदा, चांगलं खणखणीत — म्हणजे श्वास ठीक होता. अशा वेळी काय करायचं, ते आम्हाला घोकून घेतलेलं असतं. उलटी करवायची नाही. पोटात गेलेल्यापेक्षा उलटीबरोबर छातीत उतरलेलं जास्त घातक, ते फुप्फुसं जाळतं. काही पाजायचं नाही, पोर उचलायचं, बाटली सोबत घ्यायची आणि दवाखाना गाठायचा. मला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी मी सांगितलं असतं.

स्वयंपाकघराच्या दारात आले. वहिनी पाठमोऱ्या होत्या. एका हातात ईश्वरी, आणि दुसऱ्या हातानं स्टीलच्या ग्लासात मूठभर मीठ टाकून चमच्यानं ढवळत होत्या. आमच्याकडे सगळ्यांना हेच ठाऊक — पोरानं काही वाईट गिळलं की मिठाचं पाणी पाजायचं, ओकून टाकायला लावायचं. त्यांच्या आईनं केलं असेल, आजीनं केलं असेल.

मी उंबऱ्यापाशी आले, आणि थांबले. अंगावर ड्यूटीचा ड्रेस होता, अंघोळ झाली नव्हती. नियम होता ना? मी नियम पाळला.

चमचा वाजत होता. 'नको' — एवढा एकच शब्द पुरे होता. आत जायचीसुद्धा गरज नव्हती, दारातून ओरडले असते तरी चाललं असतं. तुम्हाला वाटेल, घाबरली असेल, सुचलं नसेल. मलाही तसं म्हणता आलं असतं. पण तसं नव्हतं. मला सगळं सुचत होतं. मनात जे शब्द होते ते जसेच्या तसे सांगते: पाज. पाज, म्हणजे कळेल तुला नर्सगिरी काय असते. आणि ते म्हणताना मला बरं वाटत होतं. गार पाणी प्यावं तसं बरं.

ईश्वरीनं आईच्या खांद्यावरून मला बघितलं. "काकू," म्हणाली, आणि माझ्याकडे यायला दोन्ही हात पुढे केले. वहिनींनी तिचं तोंड फिरवलं आणि ग्लास लावला.

ती ओकली. एकदा, मग पुन्हा. आणि खोकल्याचा आवाज बदलला. तो आवाज मला ओळखीचा आहे. रडणं थांबलं, ओठ काळपटायला लागले, तेव्हा मी धावले — त्या उंबऱ्यावरून, न न्हाता, चपलांसकट. पोर हिसकावून घेतली. दिरांनी, ईश्वरीच्या वडिलांनी, गाडी काढली. हडपसरपर्यंत मी तिचे श्वास मोजत होते, आणि ते मोजता येणार नाहीत इतके भरभर चालले होते.

अकरा दिवस ती आमच्याच वॉर्डात होती. त्यातले पाच दिवस ऑक्सिजनवर.

पहिल्याच दिवशी डॉक्टरांनी विचारलं, उलटी कुणी करवली? सासूबाई, दीर, माझा नवरा, सगळे उभे होते. मी सांगितलं, आईनं. मिठाचं पाणी पाजून. स्वच्छ, मोठ्या आवाजात सांगितलं. आणि कुणी विचारलं नव्हतं तरी पुढे म्हणाले, मी बाथरूममध्ये होते, नाहीतर थांबवलं असतं. केस कोरडे होते माझे. अंगावर ड्यूटीचाच ड्रेस होता. कुणाच्या लक्षात आलं नाही. दीर वहिनींना सगळ्यांदेखत नको नको ते बोलले आणि वहिनी भिंतीला टेकून खाली बसल्या. मागितलं होतं ते मिळालं. गोड लागलं का? लागलं. खोटं कशाला बोलू.

नियम त्या दिवशी संपला. घरी आल्यावर वहिनींनी स्वतः मला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं आणि म्हणाल्या, पाणी दे मला. मी दिलं, त्या प्यायल्या. त्या दिवसापासून घरात कुणाला शिंक आली तरी आधी मला विचारतात. पाहुण्यांत माझं कौतुक करतात. त्यांचा तो जुना आवाज, ती ऐट, पुन्हा कधी ऐकली नाही. दिरांनी मात्र तो विषय आजतागायत सोडलेला नाही. भाजीत मीठ जास्त झालं तरी काढतात. आणि ते काढतात तेव्हा मी ताटात बघून जेवते.

ईश्वरी आता चौदा वर्षांची आहे. जिना चढताना मधे थांबते, पावसाळ्यात श्वासाचा पंप लागतो. डॉक्टर म्हणतात, त्याचाच परिणाम असेल किंवा नसेलही. तिला त्या दिवसाचं काही आठवत नाही. मी विचारून बघितलंय, वेगवेगळ्या तऱ्हेनं, तीनदा.

गेल्या महिन्यात मांजरीच्या एका नव्या सोसायटीत बायकांसाठी माझं बोलणं ठेवलं होतं, घरातल्या विषबाधांवर. मी सांगत होते, बाटल्या बदलू नका, मिठाचं पाणी पाजू नका. वहिनी पहिल्या रांगेत होत्या. मधेच उभ्या राहिल्या. पन्नासेक अनोळखी बायकांसमोर, पदर तोंडाला लावून, सगळं सांगितलं — बाटली, ग्लास, मीठ. "माझ्या हातानं पाजलं मी," म्हणाल्या. "ही माझी जाऊ घरातच हुती, पर अंघुळीला गेलती. मीच लावलेली सवय. ही दारात जरी असती ना, तर माझी पोर वाचली असती या दुखण्यातनं."

बायका रडत होत्या. माइक माझ्या हातात होता, चालू होता.

मी म्हणाले, "आणखी कुणाला काही विचारायचंय?"

मी दारातच होते.