आग्रहरावांचा अजगर

कारखान्याच्या कँटीनमधल्या मुख्य आचाऱ्याला सगळे आग्रहराव म्हणत. खरं नाव पगारपत्रकावर होतं आणि तिथेच राहिलं. यांनी वाढलेलं ताट कुणी अर्धं टाकून उठला असं कधी झालं नाही, कारण आग्रहराव उठूच देत नसत. हातात डाव घेऊन समोर उभे राहायचे, जेवणाऱ्याच्या तोंडाकडे एकटक बघायचे आणि पहिला घास घशाखाली उतरायच्या आत विचारायचे, "कसं झालंय?" फोरमन म्हणजे एरवी वाघ. पण तोही मान खाली घालून "झकास!" म्हणायचा आणि घाईघाईने पाणी प्यायचा.

अशा माणसाच्या घरात जेवायला कुणी उरलं नव्हतं. "चार दिवस बहिणीकडे जाऊन येते" म्हणून बायको गेली आणि ते चार दिवस काही संपेनात. भांडण नाही, तंटा नाही. फोनवर विचारलं की म्हणायची, "येईन हो, काय घाई आहे?" एकदा आग्रहराव स्वतः जाऊन बघून आले, तर बाईसाहेबांचे गाल चांगले भरलेले! हे त्यांच्या जिव्हारी लागलं. मेहुणी म्हणजे पाणी उकळायला ठेवलं तरी करपवणारी बाई. तिच्या हातचं खाऊन ही बाळसं धरते? आणि घरी मात्र दोन दाणे टिपून "पोट भरलं" म्हणत उठायची!

तिने परत यावं, एवढंच त्यांना हवं होतं. काय केलं म्हणजे येईल, ते मात्र कळत नव्हतं. तोवर रोज संध्याकाळी दोघांपुरता स्वयंपाक करायचा आणि समोरच्या खुर्चीकडे बघत बसायचं. खुर्ची कधी झकास म्हणाली नाही.

"एखादं जनावर पाळा, खाऊ घालायला कुणीतरी होईल," कँटीनमध्ये भांडी घासणारी मावशी म्हणाली. आग्रहरावांनी विचार केला. कुत्र्याने त्यांना शिंका यायच्या. मांजर चार घरी जेवून येतं, म्हणजे घरच्या आचाऱ्याचा धडधडीत अपमान. अजगर मात्र आख्खा बोकड गिळतो, असं त्यांनी लहानपणापासून ऐकलं होतं. "असं गिऱ्हाईक पाहिजे," ते म्हणाले.

सापांचं दुकान एका तळघरात होतं. आत भट्टीजवळ असावी तशी ऊब, आणि भिंतीभर पारदर्शक डबे. दुकानदारीण रोखठोक होती. "पहिलाच साप ना? मग बॉल पायथनचं पिल्लू न्या. अजगरातली गरीब जात. घाबरलं की डोकं आत घेऊन चेंडू होतं, बस्स. आणि बोकडाचं डोक्यातून काढा, हे उंदरावर भागवतं."

तिने एकेक पिल्लू त्यांच्या हातावर ठेवलं. डोळे स्वच्छ आहेत का बघा, श्वासाला शिट्टी वाजते का ऐका, अंग भरीव लागतं का चाचपा. मग तिने लांब चिमट्यात मेलेला उंदीर धरून डब्यात सोडला. झडप! पुढच्या डब्यातही झडप. "तुमच्यासमोर खाईल तेच घ्यायचं," ती म्हणाली. "न खाणाऱ्याच्या वाटेला जाऊ नका."

हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. पण आग्रहरावांची नजर कोपऱ्यातल्या डब्यावर खिळली होती. तिथल्या पिल्लाने उंदराकडे पाहिलं आणि सावकाश तोंड फिरवलं. ते तोंड फिरवणं आग्रहरावांच्या चांगल्याच ओळखीचं होतं.

"हे द्या."

"अहो, हे उपाशी राहणारं आहे!"

"माझ्या हातचं खाईल."

बाईने कपाळावर हात मारला. शेवटी अट घातली, की रोडावलं तर निमूट परत आणायचं. आल्या आल्या आठवडाभर हात लावायचा नाही, लपायला खोकं द्यायचं, संध्याकाळी उंदीर कोमट करून ठेवायचा, असं बरंच तिने सांगितलं. त्यातलं "कोमट करून" एवढंच आचाऱ्याच्या कानात शिरलं.

आठवडा त्यांनी कसाबसा काढला. मग उंदीर आला तो पांढऱ्या बशीत, कडेला कोथिंबिरीची काडी लावून. आग्रहराव खुर्ची ओढून पिल्लाच्या काचेच्या पेटीपाशी बसले. "खा रे राजा." पिल्लाचा चेंडू झाला. पुढच्या खेपेला त्यांनी काऊ-चिऊच्या नावाने घास भरवून पाहिला. वास्तविक काऊ आणि चिऊ दोघांनाही खाणारी ही जात, पण चेंडू काही उलगडेना. नंतर उंदराला लोणी चोळलं, पेटीला ऊब देणाऱ्या दिव्याची जागा बदलली, गाणंही म्हणून झालं. पिल्लाची पाठ आता हाताला किंचित टोचायला लागली होती. याला परत नेऊन द्यायचं, म्हणजे घरातून आणखी एक जण न जेवता उठून जाणार.

त्यांनी दुकानात फोन लावला. बाईने लोण्याचं ऐकून घेतलं, त्याबद्दल चार शब्द सुनावले आणि विचारलं, "उंदीर ठेवल्यावर तुम्ही कुठे असता?"

"कुठे म्हणजे? समोर. खातंय का बघत."

"नाकासमोर बसून? अहो, असं कुणी घास मोजत बसलं तर मीसुद्धा जेवणार नाही! कपडा टाका पेटीवर आणि खोलीबाहेर व्हा."

आग्रहराव दुखावले. तरी पेटीवर टेबलाचा कपडा टाकून ते जिन्यात जाऊन बसले. दोनदा उठले, दोनदा बसले. बऱ्याच वेळाने आत येऊन त्यांनी कपडा उचलला, तर बशीत फक्त कोथिंबीर.

त्यांना आनंद झाला, आणि लगेच जुनं काही आठवलं. आपण अंघोळीला गेलो की स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज व्हायचा. एकदा ओल्या अंगाने बाहेर आलो, तर बायको ओट्यापाशी उभ्याने जेवत होती. आपल्याला बघून दचकली, आणि ताट ठेवून म्हणाली, "पोट भरलं." आपण तेव्हाही विचारलं होतं, कसं झालंय?

"मी अजगर आणलाय," त्यांनी बायकोला फोन केला.

ती पलीकडून ओरडली. "डोकं ठिकाणावर आहे ना तुमचं?"

"येऊन बघ."

ती दुसऱ्याच दिवशी आली. अजगर तिने दारातूनच पाहिला. आग्रहरावांनी ताट वाढलं, मटार-बटाट्याचा रस्सा तिच्यापुढे ठेवला, डाव भांड्यातच सोडला आणि बाहेर जाऊन दार ओढून घेतलं.

"अहो, कुठे निघालात?"

"जिन्यात बसतो. तू जेव."

आग्रहराव पायरीवर बसले. आत खुर्ची सरकली. मग चमचा वाजला. आग्रहरावांनी दोन्ही हात गुडघ्यांखाली दाबून धरले. प्रश्न ओठांपर्यंत आला होता. त्यांनी तो गिळला. तेवढ्यात भांड्यावरचं झाकण वाजलं. ती स्वतःच्या हाताने पुन्हा वाढून घेत होती.

"अहो," आतून आवाज आला, "मीठ जरा कमी पडलंय."

इतक्या वर्षांच्या संसारात हे तिने पहिल्यांदाच सांगितलं होतं. आग्रहरावांनी शर्टाच्या बाहीने डोळे पुसले.

"बरणी डाव्या हाताला आहे," ते म्हणाले, आणि जिन्यातच बसून राहिले.