तेल संपताना लागणारा दिवा

घाट चढून आलो तेव्हा दिवेलागणीची वेळ झाली होती. माझ्या जुन्या डिझेल गाडीत, स्टिअरिंगमागे, तेलाच्या झारीचं लाल चित्र उजळलं. शेजारी बसलेल्या आईने सवयीने हात जोडले.

"अगं, देवाचा दिवा नाही तो. इंजिनातलं तेल कमी झालंय," म्हणत मी गाडी बाजूला घेऊन बंद केली. जरा थांबून तेलाची पट्टी काढली, पुसून पुन्हा बुडवली. जेमतेम टोक ओलं झालं. असाच पुढे गेलो असतो तर इंजिन जाम झालं असतं.

डिकीतल्या कॅनमधलं तेल ओतलं. गाडी सुरू केली, तसं लाल चित्र गेलं.

आई म्हणाली, "आपला दिवा तेल संपलं की शांत होतो. हिचा संपताना लागतो!"

स्टिअरिंगमागच्या त्या अंधारलेल्या काचेपुढे मग मीही हात जोडले.