डाव्या पायाखालचा आवाज

यंत्राचा आवाज ऐकायला मला कुणी शिकवलं नाही. एकतीस वर्षं पिठाची गिरणी चालवली, त्यात ते आपोआप जमत गेलं. आमचं गाव घाटनांदूरच्या जवळ. दळायला शेजारच्या दोन वस्त्यांवरूनही बायका यायच्या. डबे रांगेला लावून त्या गप्पा मारत बसायच्या, मीही मारायची, पण एक कान गिरणीकडं असायचा. मधेच उठून मी खटका ओढला की त्यांना वाटायचं, ही कशावरून तरी रुसली. रुसले नव्हते हो, बेअरिंग कुरकुरायला लागलेलं असायचं. अंबाजोगाईहून मिस्त्री यायचा तो एक लाकडी दांडा घेऊन. दांड्याचं एक टोक यंत्राला टेकवायचा, दुसरं कानाला लावायचा आणि डोळे मिटून घ्यायचा. दोनदा मी त्याला बघितलं, तिसऱ्यांदा त्याला बोलावलंच नाही.

हे एवढ्यासाठी सांगते की मागच्या हिवाळ्यात मी सायकलचा आवाज शोधायला बसले तेव्हा घरात हसं झालं होतं माझं.

सायकल नातीची. म्हणजे ती पळवते, पण सायकल तिच्या खेळाच्या सरांची. बारीक टायरची, खाली वाकलेल्या हँडलची, आणि वजनाला इतकी हलकी की मी एका हातानं उचलून ओसरीवर ठेवायची. पोरगी अकरावीत. सरांनी तिचं पळणं बघून ती सायकल तिच्याकडं विश्वासानं दिली होती. रविवारी बीडला सायकल शर्यतीसाठी पोरींची निवड होती, आणि त्याच्या आधीच्या बुधवारी ही बाई भाकरीचा तुकडा हातात धरून नुसती बसलेली. कालवण गार झालं तरी तुकडा हातातच.

"काय झालं गं?"

"काही न्हाई."

"काही न्हाई तर मग खा की."

तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "आजी, सरांची सायकल मोडली माझ्याच्यानं."

सायकल तर समोर भिंतीला टेकून उभी होती, धडधाकट. मी म्हटलं, "कुठं मोडली?"

"आतून मोडली असंल. चढाला जोर लावला की आवाज येतो. कट, कट. पंधरा दिवस झाले. मी धर्मापुरीच्या रस्त्याला खड्ड्यात आपटले होते ना, त्याच्यानंच फ्रेम चिरली असंल. ही फ्रेम लोखंडाची न्हाई, कार्बनची हाय. चिरली की उतारावर एकदम तुटते म्हणतात."

"मग सरांना का गं सांगितलं न्हाई?"

"सांगितलं की सायकल परत घेतील. मग रविवारी पळू कशावर? आन् न सांगता पळाले आन् तुटली तर?"

दुकानात दाखवून आली होती ती. दुकानदार म्हणाला, अशी सायकल माझ्याच्यानं खोलवणार नाही, पुण्याला पाठवा, आठ दिवस लागतील. आणि आपल्याजवळ दिवस तीन.

मी म्हटलं, "सकाळी मला ऐकव."

सून चुलीपाशी होती. आता गिरणी तीच बघते. ती हसून म्हणाली, "आत्याबाई, ती सायकल हाय, गिरणी न्हाई."

"फिरतीय ना? मग झालं तर."

सकाळी सुनेनं स्कूटी काढली, मी मागं बसले, पदर कमरेला खोचून. नात पुढं सायकलवर. आम्ही तिच्या अगदी बरोबरीनं चालवायचं आणि मी कान तिच्याकडं करून वाकायचं, असं ठरलं. पण उसाचे दिवस. दर पाच मिनिटाला एक ट्रॅक्टर, मागं दोन ट्रॉल्या भरून ऊस, आणि गाणी तर अशी मोठ्यानं लावलेली की त्यात सायकल काय, आमची स्कूटीही ऐकू येईना. एक ड्रायव्हर ओरडलाच, "मावशे, पडशील!" मी त्याला हात केला, पुढं जा म्हणून. शेवटी आम्ही मोठा रस्ता सोडून तळ्याकडच्या डांबरी वाटेला लागलो. तिथं चढही होता आणि शांतताही.

पहिल्यांदा मला ऐकू आलं ते वेगळंच. टिक, टिक, हलकं. मी म्हटलं, "थांब. पाण्याची बाटली काढ." काढली. टिक टिक गेलं. बाटलीच्या कडीचा स्क्रू सैल होता.

"हाच का तुझा आवाज?"

"न्हाई गं. ह्याच्याहून जाड."

"मग हा फुकट गेला. चल."

घाई करायची नसते. गिरणीतसुद्धा दोन-तीन आवाज एकमेकांत मिसळून येतात. एक काढला की मगच दुसरा उघडा पडतो. मी तिला चढाला लावलं, आणि मग तो आला. कट. पुन्हा कट. पायंडलाचा एक फेरा झाला की एकदा.

"पाय थांबव, नुसती जाऊ दे." आवाज बंद. म्हणजे चाकात काही नाही, चाक तर फिरतच होतं.

"सीटवरून उठून मार." आवाज तसाच. म्हणजे सीटचा संबंध नाही.

"आता फक्त उजव्या पायानं." पोरगी डावा पाय लांब धरून वेडीवाकडी जाऊ लागली. सून हसून हसून स्कूटी हलवायला लागली, मीच पडायला आले. पण आवाज नव्हता. "आता डाव्यानं." कट.

"डावीकडं हाय," मी म्हटलं. "घरी चला."

घरी पोत्यावर सायकल उलटी करून ठेवली. दांडा शोधत बसायला वेळ कुठला, मी स्वयंपाकघरातून लाटणं आणलं.

"आत्याबाई, त्याच लाटण्यानं मला पोळ्या करायच्यात!"

"धुऊन दीन."

लाटण्याचं एक टोक फ्रेमला, एक कानाला. नात पायंडल फिरवत होती आणि माझ्या तोंडाकडं बघत होती, डॉक्टरकडं बघावं तशी. मी फ्रेमच्या एकेका नळीवरून लाटणं फिरवलं, जोडांवर जास्त वेळ ठेवलं. सगळीकडं एकसारखं. मधल्या आसाला लावलं. तिथं तेल प्याल्यासारखं गुळगुळीत. मग डाव्या पायंडलाला टेकवलं, आणि वाळूत बांगडी फिरावी तसं खर्र्‌ खर्र्‌ झालं, मधेच कट.

"इथं हाय," मी म्हटलं.

नातीनं पाना लावला, पण पायंडल निघेना. मी म्हटलं, उलटं फिरव, डाव्या पायंडलाचे आटे उलटे असतात. आमच्या ह्यांच्या काळ्या सायकलपासून मला ते माहीत. निघालं. ती आमच्या ट्रॅक्टरचं डिझेल वाटीत आणायला घरामागं गेली, आणि मी पायंडल मांडीवर घेऊन बघायला लागले. टोकाचं बारीक झाकण अर्धं फुटलेलं. आत ग्रीस कुठलं, गुळाच्या पाकासारखा तांबडा चिकटा. बेअरिंगचे छर्रे गंजलेले. आणि त्या चिकट्यात एक तांदळाचा दाणा. पिवळा, त्यावर कुंकवाचा लाल ठिपका.

अक्षत होती ती.

मला सगळं आठवलं. खंडेनवमीला आमच्याकडं विळे, कोयते, शिलाई मशीन, गिरणी, सगळं पूजलं जातं. गिरणीचा नारळ मी दरसाली तिच्या ओतीव लोखंडाच्या पायावरच फोडत आले. पण त्या साली गिरणी सुनेची, म्हणून नारळही सुनेनं फोडला. माझा हात मोकळाच राहिला. नात कॉलेजला गेलेली. सायकल ओसरीवर हळदीकुंकू लावून उभी केलेली. मी म्हटलं, हिला एक फोडावा, लेकरू हिच्यावर बसतं. कुठं फोडू? बाकी सगळी सायकल मला नाजूक वाटली. पायंडल तेवढं भक्कम दिसलं. हाणला तिथं. दोन तुकडे बरोब्बर झाले, पाणी सगळं पायंडलावरून वाहिलं, आणि वर अक्षता टाकल्या मी, मनापासून.

नात अजून डिझेल घेऊन आली नव्हती. दाणा माझ्या बोटावर होता. झटकला असता तर कुणाला कळणार होतं? खड्ड्यानं झाकण फुटलं, पाणी शिरलं, एवढं म्हटलं की झालं. एकतीस वर्षांची ऐट माझी, सकाळपासून तर जास्तच चढलेली. पण पोरगी पंधरा दिवस त्या खड्ड्याचं ओझं घेऊन फिरत होती. दाणा मी तळहातावर ठेवला आणि ती आल्यावर हात पुढं केला.

"खड्ड्यानं काही झालं न्हाई गं. हे माझं काम हाय."

"काय हाय हे?"

"अक्षत. खंडेनवमीला मी ह्या पायंडलावर नारळ फोडला."

सुनेनं पदर तोंडावर धरला, पण खांदे हलत होतेच तिचे. नात हसली नाही. "पंधरा दिवस, आजी! पंधरा दिवस मी नीट झोपले न्हाई. सरांसमोर मान वर करीना मी!"

"चुकलं माझं."

"मग सरांना फोन तूच लाव."

लावला. खड्डा सांगितला, नारळ सांगितला, लाटणंही सांगितलं. पलीकडं सर खोकल्यासारखं हसले. "आजी, फ्रेम चांगली आहे म्हणता?"

"मला तर चांगलीच ऐकू आली. पण माझ्या कानावर लेकरू उतारावर सोडू नका. तुम्ही या आन् डोळ्यांनी बघा."

आम्ही छर्रे डिझेलनं धुतले, गंज निघेना म्हणून सून अंबाजोगाईहून नवे घेऊन आली. गिरणीचंच ग्रीस भरलं. झाकण मिळालं नाही, तर गुरांच्या औषधाच्या बाटलीचं रबरी बूच तिथं असं बसलं की जणू त्याच्यासाठीच केलेलं. शनिवारी सर आले. बॅटरी लावून त्यांनी फ्रेम इंच इंच बघितली, दाबली, स्वतः बसून तळ्याच्या चढाला गेले. आल्यावर म्हणाले, "काही नाही झालेलं. पळ बिनधास्त." आणि नातीला बाजूला घेऊन एवढंच म्हणाले की पुढच्या वेळी आधी मला सांगायचं, सायकल काय, दुसरी येईल.

आवाज गेला होता. पण संध्याकाळी ती चढाला निघाली तेव्हा मी बघितलं, डावा पाय ती अजून हलकाच टाकत होती. पंधरा दिवसांची सवय.

रविवारी शर्यतीचा रस्ता नारायणगडाकडचा होता. सुरुवातीच्या जागी सुनेनं पिशवीतून नारळ काढला, मुद्दाम माझ्यापुढं धरला. नात लगेच सायकल आणि माझ्यामध्ये दोन्ही हात पसरून उभी. "लांब! लांब जाऊन!" मी वीसेक पावलं चालत गेले, एका दगडावर नारळ फोडला आणि तिला खोबरं आणून दिलं. खाल्लं तिनं, हसत खाल्लं.

मग आम्ही दोघी सासू-सुना पुढं जाऊन चढाच्या वळणावर बसलो. पोरी आल्या. पहिल्या तिघी गेल्या, मागून आमची. चौघींची निवड होणार होती आणि पाचवी हिच्या चाकाला लागूनच होती. वळणावर रस्ता एकदम चढतो, तिथं ती सीटवरून उठली, आणि मी डोळे मिटून घेतले. टायरचा सूं सूं. श्वास. चेन. बाकी काही नाही.

"आजी!" ती ओरडली, खाली बघतच. "येतोय का?"

"न्हाई येत!" मी म्हटलं. "डावा दाब!"

आणि तिनं दाबला.