पत्र्यावरची मोटारवाली

नामदेव पेंटर गेल्याची बातमी पुसदच्या बसमधून उतरलेल्या त्याच्या पुतण्यानं दिली, तेव्हा मी एका ट्रकखाली उताणा पडलो होतो. हातातला पाना मी चेसिसवर इतक्या जोरात आपटला की बोटं फुटली. रडणं मला जमत नाही... आपटणं जमतं.

दिग्रसच्या माझ्या गॅरेजच्या दर्शनी भिंतीवर त्यानं एक चित्र काढून लावलं होतं, चांगलं पुरुषभर पत्र्यावर. मोटारी नव्यानं निघाल्या त्या काळात शर्यतीत उतरलेल्या एका गोऱ्या बाईचा फोटो त्याला जुन्या मासिकात सापडला होता. डोळ्यांवर चष्मा, गालावर चिखल, स्टिअरिंगवर आवळलेल्या मुठी. नामदेव तिच्यावर फिदा होता. "रशीदभाई, हे बाई कोनाच्या बापाले भेली नाई," असं येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकासमोर मला ऐकवायचा.

पुढच्या दसऱ्याला ड्रायव्हर लोक गाड्या धुऊन पूजेला आले, आणि हिलाच मोटारीची देवी समजून बसले. कपाळाला कुंकू, गळ्यात हार, पुढ्यात नारळ. नामदेवनं नागपुरात बौद्ध धर्माची दीक्षा घेऊन देव सोडले तेही दसऱ्यालाच. तो दिवस तो जिवापाड जपायचा. पांढऱ्याशुभ्र कपड्यांत आला, चित्र पाहिलं आणि पेटला. "माणूस हाये थे! मी देव सोडले, अन् तुमी माह्याच चित्राचा देव करता?" त्यानं हार तोडला, रॉकेलच्या बोळ्यानं कुंकू पुसलं. शंकर ड्रायव्हरनं त्याला तिथंच आडवा केला. लाथा, बुक्क्या... मी मध्ये पडलो तर माझाही दात गेला. शंकरनं त्याच्या उजव्या हातावर बूट ठेवून दाबला. बोटं मोडल्याचा तो आवाज मला अजून झोपू देत नाही.

नामदेव डाव्या हातानं ब्रश धरायला शिकला. पण दर दसऱ्याला कोणीतरी कुंकू लावायचंच, आणि हा बोळा घेऊन हजर. शिवीगाळ, धक्काबुक्की, कधी डोकं फुटायचं. पुसूनपुसून बाईच्या कपाळाचा रंग उडाला, आतला पत्रा दिसायला लागला.

तो जाऊन महिनाही झाला नव्हता, तोच दसरा आला. सकाळी गॅरेजवर पोचलो तर चित्रासमोर शंकर, अंगठा कुंकवानं लाल. मी चाकं खोलायची लोखंडी टॉमी उचलली आणि त्याच्या खांद्यावर हाणली. तो गुडघ्यांवर कोसळला, पण हात उगारला नाही.

"कायले लावलं बे?"

"लावलं का मंग थो पुसाले येते ना, मिस्त्री..."

पुन्हा उगारलेली टॉमी माझ्या हातून सुटली. कोनाड्यात नामदेवचा बोळा तसाच पडला होता, वाळून कडक झालेला. तो भिजवून मी बाईचं कपाळ पुसलं. रॉकेलचा डबा शंकरनं धरला होता.