मागच्या खोलीचं दार
ठेचलेल्या कांद्याचा वास आला की लाखनीतलं ते घर आठवतं. ऐंशी सालाच्या आसपासचा मे महिना होता आणि मी घरं दाखवणारा दलाल होतो. त्या दिवशी घरमालकाला ऊन लागलं होतं. गिऱ्हाईक बिचकू नये म्हणून मीच त्याच्या बायकोला मागच्या खोलीचं दार लावायला सांगितलं. घर बघायला आलेल्या मास्तरांनी आतलं कण्हणं ऐकलं आणि दार उघडलं. तळव्यांना कांदा चोळलेला तो माणूस तव्यासारखा तापला होता. “घर राहू द्या, आधी याइले दवाखान्यात नेऊ!” मास्तर म्हणाले. आम्ही हात दाखवून ट्रक थांबवला, पण संध्याकाळी त्यानं प्राण सोडला. त्याची बायको मला म्हणाली, “भाऊ, तुमी गिऱ्हाईक आणलं म्हणून त्याइले दवाखाना तरी भेटला.” आता तीही नाही. ते दार मी गिऱ्हाइकासाठी लावायला सांगितलं होतं, हे तिला सांगायचं राहिलं ते राहिलंच.