भिंतीपलीकडचा रेग्युलेटर

एखादी वस्तू नीट चालताना पाहून ज्याला चैन पडत नाही, असा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला आणि तो नेमका माझा साडू निघाला. माझी बायको आपल्या आक्काच्या या यजमानांना दाजी म्हणते, म्हणून मीही दाजीच म्हणतो. सोलापूरकडच्या वाशीजवळ एका गावात ते दूध सोसायटीचे सचिव होते. सोसायटीचा लॅक्टोमीटर सदऱ्याच्या खिशात घालून हिंडायचे आणि दिसेल त्या पातळ पदार्थात बुडवायचे. धोंड्याच्या जेवणाला आम्ही दोघे जावई सासुरवाडीला गेलो, तेव्हा त्यांनी तो सासूबाईंच्या कढीत सोडला, आकडा वाचला आणि गंभीरपणे मान हलवली. सासूबाई पुढे कितीतरी दिवस त्यांच्याशी धड बोलल्या नाहीत. "म्या कुठं नाव ठेवलं? निस्तं बघितलं," एवढंच दाजींचं म्हणणं. बघितल्याशिवाय त्यांच्या घशाखाली घास उतरत नसे.

त्यांच्या वडिलांना, तात्यांना, अर्धांगवायू झाला आणि ते खाटेला खिळले, तेव्हा दाजींनी सोलापुराहून छताचा पंखा आणला. गावात वायरमन होता. पण त्याला बोलावलं असतं तर पंखा लगेच लागला असता आणि दाजींना काहीच कळलं नसतं. म्हणून माळवदाच्या तुळईत हुक ठोकण्यापासून सगळं त्यांनी स्वतः केलं. स्टूल धरायला मी होतोच. बटण दाबलं, पंखा फिरला, आणि खाली वाऱ्याचा पत्ता नाही. कंडेन्सरच्या तारा उलट जोडल्यामुळे पंखा उलटा फिरत होता. दुसऱ्या कुणीही जीभ चावून तारा बदलल्या असत्या. दाजी उदबत्ती घेऊन स्टुलावर चढले. "पाव्हणं, धूर वर चाललाय बगा!" मग खोलीच्या प्रत्येक कोपऱ्यात उदबत्ती धरून झाली. "अहो, तुमच्या वडलांना वारा घालायचाय का ऊद?" असं आक्का कडाडली, तेव्हा कुठे तारा सरळ झाल्या.

मग रेग्युलेटरची पाळी आली. पाचावर पंखा जोरात फिरतो आणि एकावर हळू, हे आपण सगळ्यांनी मुकाट्याने मान्य केलेलं आहे. दाजींना ते मान्य नव्हतं. "पाचाचं वारं एकावर आणलं, तर उरलेलं वारं कुठं जातं?" हा प्रश्न त्यांनी मला विचारला, शाळेतल्या गुरुजींना विचारला, दूध घालायला आलेल्या बायकांनाही विचारला. शेवटी एके दुपारी त्यांचा हात सहज रेग्युलेटरच्या काळ्या डब्यावर पडला. डबा चांगलाच तापला होता. "घावलं! उरलेलं वारं ह्यात उकडत बसतंय!" मला मुलगा झाला तेव्हा माझ्याही तोंडावर इतका आनंद नसेल.

त्यांचा सगळ्यात मोठा शोध मात्र पुढचा. रेग्युलेटरला हात न लावताही पंखा कधी जोरात फिरायचा, कधी रेंगाळायचा. दाजींनी सायकलवरून सगळं शिवार पालथं घातलं आणि कारण हुडकलं. घरांना आणि विहिरींवरच्या मोटारींना वीज एकाच डीपीवरून, म्हणजे एकाच ट्रान्सफॉर्मरवरून येत होती. मोटारी सुरू झाल्या की विजेचा दाब उतरायचा आणि पंखा मंदावायचा. हे त्यांनी तात्यांना समजावून सांगितलं आणि उताणं पडून छताकडे बघण्यापलीकडे काही न उरलेल्या त्या शेतकऱ्याला आपलं शिवार परत मिळालं. पंखा मंदावला की घामाघूम झालेले तात्या खूश. "चालू झाल्या मोटारी. आपली बी असंल त्यात." आपली विहीर त्यांनी तरुणपणी स्वतः सुरुंग लावून खोदली होती आणि तिच्यावर त्यांचा जीव होता.

पुढे दुष्काळ पडला. त्या उन्हाळ्यात मी गेलो, तर खोलीतला रेग्युलेटर नाहीसा झालेला. दाजींनी भिंतीला भोक पाडून तो पलीकडे स्वयंपाकघरात, चुलीच्या वर बसवला होता. वारा खाणारा या खोलीत आणि बटण त्या खोलीत, हा काय प्रकार? विचारलं तर दाजी सदऱ्याची गुंडी चाचपत बाहेर निघून गेले. मग मीच लक्ष ठेवलं. सकाळी आक्का भाकरी थापता थापता उठायची आणि पिठाच्या हातानेच बटण दोनावर आणायची. दुपारी जेवणवेळ झाली की पाचावर, जेवणं उरकली की पुन्हा दोनावर. बटण पिठाने पांढरं झालं होतं. एवढ्या उन्हाळ्यात आजाऱ्याचा पंखा दोनावर का, असं मी जरा रागानेच विचारलं, तेव्हा तिने पदर डोळ्यांना लावला.

"हीर आटली, पाव्हणं. शिवारात एक मोटार चालू न्हाय. पंखा पाचावर सोडला तर भिंगरीवानी पळतोय, तात्या लगीच वळखतील. डाक्टर म्हणलेत, त्यास्नी धक्का सोसायचा न्हाय."

संध्याकाळी मी तात्यांपाशी बसलो. त्यांची उशी घामाने भिजली होती. मी वर्तमानपत्राची घडी करून वारा घालायला लागलो, तर त्यांनी चांगल्या हाताने मला थांबवलं.

"मोटारी लई येळंवर चालाय लागल्यात हल्ली," ते म्हणाले. बोलणं जड झालं होतं, डोळे मात्र मिश्कील. "कुणबी कवा इतका येळंवर जेवतो व्हय? आन् समदा गाव एकदमच?"

त्यांनी दाराकडे पाहून आवाज उतरवला.

"पोराला सांगू नगा. त्येच्या जिवाला तेवढंच बरं वाटतंय. मला उकडलं तर उकडू द्या."

मी आपला वर्तमानपत्र वाचल्याचं नाटक करत बसलो.

पुढच्या वर्षी विहिरींना पाणी आलं. मी तिथे नव्हतो, दाजींनी नंतर सांगितलं. त्या सकाळी त्यांनी बटण पाचावर सोडलं आणि तात्यांच्या उशाशी येऊन बसले. पंखा जोरात सुटला, मंदावला, पुन्हा पळाला, पुन्हा रेंगाळला. कुणाची मोटार आत्ता सुरू झाली होती, कुणाचा फ्यूज उडाला होता, कुणी मध्येच बंद करून बैल सोडायला गेला होता. तात्या बराच वेळ वर बघत राहिले.

"आज एकाबी मोटारीला टाइम न्हाय," ते म्हणाले आणि त्यांनी दाजींचं मनगट घट्ट धरलं. "पाणी आलं व्हय रं? आपल्या हिरीला बी?"

"व्हय," एवढंच दाजींच्या तोंडून निघालं. वडिलांना सगळं पहिल्यापासून ठाऊक होतं, हे त्यांना तेव्हा कळलं.

हे सांगताना दाजी माझ्यासमोर लहान पोरासारखे रडले. "पाव्हणं, त्यास्नी ठावं हुतं, तर मग वारं का न्हाय मागितलं?" मी त्यांना तात्यांचं त्या संध्याकाळचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. तात्यांची खाट तोवर रिकामी झाली होती. रेग्युलेटर मात्र दाजींनी पुढेही त्या खोलीत परत आणला नाही.